शिवगंगाअक्कांची निवांत खोली

लातुरात स्पा निघणार म्हटल्यावर माणसं आधी गालातल्या गालात हसायची आणि मग जेबाकडं वरपासून खालपर्यंत बघायची. हार्डवेअरवाला हसला, लाइटवाला हसला, फरशीवाल्यानं तर दोनदा विचारलं, "नक्की ब्युटी पार्लर नाही ना?" जेबाचा धाकटा भाऊ फैजान नांदेडहून एसटीत बसला तो लातूर येईपर्यंत हसत होता. "आपा, या गावाला परवापरवापर्यंत पाणी रेल्वेनं आणायला लागलं. तिथं तू कारंजं बसवणार?"

"तेच तेच पाणी फिरतं त्यात. तू फळ्या काप," जेबा म्हणाली.

जेबाच्या घरचं नांदेडात फर्निचरचं जुनं दुकान. कपाटं, दिवाण, लग्नातले पलंग. जेबा पुण्याला जाऊन इंटिरियर शिकून आली तेव्हापासून दुकानावरच्या पाटीत एक इंग्रजी शब्द वाढला होता आणि घरातली भांडणंही. मोठं काम असं हे पहिलंच. त्यामुळं लोक हसले तरी तिला हसून चालणार नव्हतं.

काम दिलं होतं शिवगंगाअक्कांनी. शिकवणीवर्गांच्या भागात त्यांचं मुलींचं हॉस्टेल. त्या भागात गेलं की आधी दिसतात ते फ्लेक्स. पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, सगळे एकाच स्टुडिओत धाक दाखवून काढल्यासारखे. अक्कांच्या तीन मजल्यांत डॉक्टर व्हायला आलेल्या मुली खच्चून भरलेल्या. त्यांचे यजमान सिद्रामप्पा खानावळ बघायचे आणि दिवसभरात बोलायचे ते बहुतेक भाजीवाल्याशीच. तळमजल्यावरचं झेरॉक्सचं दुकान उठलं तशी अक्कांनी ती जागा भाड्यानं द्यायची सोडून तिथं स्पा काढायचं ठरवलं. नावही त्यांनीच ठेवलं, 'निवांत'. पोरांना स्वयंपाक करून घालायला खोल्या घेऊन राहिलेल्या आया या भागात ढिगानं होत्या. पोरांपेक्षा त्यांचीच डोकी जास्त ठणकायची. धंदा चालला असता यात शंका नव्हती.

पण पहिल्या भेटीत अक्का धंद्याबद्दल बोलल्याच नाहीत. "लोकास्नी आवडंल न आवडंल ते मागून बघू," त्या म्हणाल्या. "मला हितं झोप लागली पायजे, जेबा. मला लागली तर समद्या लातुराला लागंल."

"घरी लागत नाही का, अक्का?"

"पडते की. डोळे मिटले की कान उघडतेत. दिवाळीत पोरी गावी गेल्या की मग तर इचारूच नको. गोळ्या खाल्ल्या, काढे झाले, सोलापूरचा डॉक्टर झाला. नीट अशी झोप कशी असती त्ये इसरले मी."

एवढं बोलून त्या थांबल्या, खोलीत क्षणभर कुणी बोलेना, आणि अक्कांचा पदर तोंडावर गेला. हे जेबानं नंतर बऱ्याचदा पाहिलं. चारजणांत बोलणं थांबलं, शांतता पडली, की अक्कांचा हात आपोआप तोंडाशी जायचा. दात पुढं आहेत म्हणून लाजत असतील, असं जेबाला वाटलं. दात तर चांगले सरळ होते, पण माणसाला एकदा कारण सापडलं की तो पुढं बघत नाही.

जेबानं चित्रं काढून आणली. एका भिंतीला काळा दगड, खडबडीत, त्यावरून झिरपणारं पाणी, वर लाकडी तुळया. पुण्यात असल्या खोल्यांवर लोक जीव टाकतात. अक्कांनी चित्र बघितलं आणि उलटं करून ठेवलं. "दगूड नको."

"बरं. मग तुळया?"

"वर जड काई नको. काय घालनार हायस वर?"

"जिप्सम, अक्का. पापडासारखं हलकं असतं."

अक्कांनी मान डोलावली. जेबा काय समजायचं ते समजली. अक्का भूकंपाच्या पट्ट्यातल्या, आणि तिथल्या माणसांना दगडाचं वावडं असतं हे तिनं ऐकलं होतं. भूकंप झाला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तिच्यासाठी ती शाळेच्या पुस्तकातली एक तारीख होती आणि नांदेडातही भांडी वाजली होती अशी अम्मीची एक गोष्ट.

तेव्हा दगड गेला. भिंतींना राखाडीत मिसळलेला कोवळा हिरवा आला, दिव्यांची तोंडं भिंतीकडं वळवली, खिडकीला वाळ्याचा पडदा आला. एकही कोपरा टोकदार ठेवला नाही. उरला तो आवाज. भिंतीपलीकडं जीवशास्त्राचा वर्ग चालायचा आणि तिथले सर माइकशिवाय बोलायला शिकलेच नव्हते. डोक्यावर मुलींची धावपळ, बाहेर रिक्षा. या गोंगाटात झोप यायची कुणाला? जेबाला रोग सापडला. तिनं ठरवलं, आवाजाचा पुरता बंदोबस्त करायचा.

फैजाननं भिंतीच्या आत दुसरी भिंत उभी केली. मधल्या पोकळीत लोकर ठासली, वर दुहेरी बोर्ड मारले, दाराला चहूबाजूंनी रबर लावलं. शेवटचा स्क्रू बसला आणि दोघांनी आत उभं राहून दार लावून घेतलं. जीवशास्त्र गेलं, रिक्षा गेल्या, मुली गेल्या. फैजाननं तोंड उघडलं आणि परत मिटलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "काम एक नंबर झालं. पण आपा, मला त्यात सोडून जाऊ नको." जेबानं त्याला टपली मारली. ती मनातून भयंकर खूश होती.

दुसऱ्याच दिवशी दुपारी अक्का आल्या. मालिशासाठी जळकोटची धम्मप्रिया ठेवली होती, केरळात जाऊन शिकून आलेली, हसऱ्या तोंडाची मुलगी. अक्कांनी खोली बघितली, भिंतीवरून हात फिरवला. "लई छान केलीस गं," म्हणाल्या. मग पिशवीतून स्टीलचे दोन पेले काढले, एक जमिनीवर पालथा घातला आणि त्याच्यावर दुसरा.

"हे काय, अक्का?" जेबाचा जीव खालीवर झाला. एवढ्या रंगसंगतीत ते चकचकीत पेले डोळ्यांत खुपत होते.

"असू दे. आमच्याकडं समदेच ठेवतेत निजताना. जमीन हालली की पडतेत, मानूस जागं होतंय."

जेबानं वाद घातला नाही. ती कोपऱ्यात स्टुलावर बसली. धम्मप्रियानं दार लावलं आणि अक्कांच्या तळपायांना तेल लावायला घेतलं. शांतता अशी की तेलाचा हात फिरतो तोही ऐकू यावा. अक्कांचे डोळे मिटले. जेबाचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच अक्का ताडकन उठून बसल्या. पदर तोंडावर.

"ठोकायलंय कुनीतरी," त्या पदराआडून म्हणाल्या.

"वरच्या मुली असतील," जेबा म्हणाली, पण वरचं काही ऐकू येऊ नये म्हणूनच तर सगळा खटाटोप केला होता.

त्या दिवसापासून ती त्या आवाजाच्या मागं हात धुऊन लागली. आधी कारंज्याची मोटर बंद केली. मग गिझरचा पाइप उघडून त्याला कापूस गुंडाळला. वरच्या खोलीतल्या पलंगांच्या पायांखाली रबर घातलं. ते पेलेच एकमेकांवर वाजत असतील म्हणून अक्कांना विनवून तेही बाहेर ठेवायला लावले. एकेक आवाज मरत गेला तशी खोली आणखी गप्प झाली, आणि अक्का दर वेळी आणखी लवकर उठून बसायला लागल्या. "आता तर साफ ऐकू यायलंय," त्या म्हणायच्या. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जेबाला बघवेनात. एवढी सुंदर खोली करून तिनं त्या बाईची उरलीसुरली झोपही घालवली होती.

दसऱ्याला उद्घाटन ठरलं होतं. अंदाज घ्यावा म्हणून जेबानं खोल्या घेऊन राहिलेल्या चार-पाच आयांना फुकट मालिशाला बोलावलं. अर्धापूरची एक बाई आडवी झाल्या झाल्या घोरायला लागली. देगलूरची एक उठवता उठेना. जेबाचा चेहरा खुलला. मग आल्या केवळाबाई, औसा भागातल्या, नातवाला शिकवायला इथं येऊन राहिलेल्या. डोळे मिटून पडल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी श्वास रोखून धरला. एक बोट वर केलं. धम्मप्रियाचा हात जिथल्या तिथं थांबला.

"खाली कोन ऱ्हातंय?" केवळाबाईंनी हळू विचारलं.

"खाली कुणी नाही, मावशी. हा तळमजलाच आहे."

"असं व्हय," म्हणून केवळाबाई उठल्या, चपला घातल्या आणि मालिश अर्धवट टाकून निघून गेल्या. निलंग्याकडची एक आली, तिनंही तेच केलं. तसंच थांबणं, तसंच बोट. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. धम्मप्रिया त्या संध्याकाळी म्हणाली, "मॅडम, मी भित्री नाही. आमच्यात भुताखेताला मानतही नाहीत. पण त्या खोलीत दार उघडं ठेवून काम केलं तर चालेल का?"

आता जेबाला स्वतःच छडा लावणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, ती एकटी आत गेली, दार लावलं आणि मालिशाच्या पलंगावर आडवी झाली. आधी स्वतःचा श्वास ऐकू आला. मग छातीतली धडधड. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग कुठूनतरी, भिंतीतून की फरशीखालून सांगता येईना, बारीक टुक टुक. थांबून परत टुक टुक. पाइपाचा तो आवाज नव्हता. लाकूड ताणतं तसाही नव्हता. दगडावर भांडं आपटावं तसा होता, आणि आपटणारा हात लहान होता. हे शेवटचं तिला कसं कळलं कोण जाणे, पण कळलं. दार उघडून ती बाहेर पळाली तेव्हा पलीकडचे सर माइकवरून बेडकाचं हृदय शिकवत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

तडक ती अक्कांकडं गेली. अक्का खानावळीच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. "अक्का, उद्या भिंत काढते," जेबा म्हणाली. "चूक माझी आहे. तुम्हाला शांतता मानवत नाही. पोरींचा गोंगाट असतो तेव्हाच तुमचा डोळा लागतो आणि मी तोच बंद केला. बाहेरचा आवाज येऊ दे आत. झोप लागेल तुम्हाला."

अक्कांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "भिंत न्हाई काढायची."

"पण अक्का..."

"न्हाई म्हनले ना! त्या खोलीतच ऐकू येतीय ती. इतकी वर्सं गोंगाटात ऱ्हायले, कधी आली न्हाई नीट. आता यायलीय आन तू म्हनतीस काढ भिंत."

"कोण ऐकू येते?"

अक्कांनी आत बघितलं. सिद्रामप्पा पोत्यातले तांदूळ मोजत होते. तेवढ्यात माप खाली ठेवून ते मागच्या दारानं बाहेर गेले. मग अक्का बोलल्या.

"रत्नी. माजी लेक. सासूचं नाव ठिवलं होतं, रत्नम्मा. शाळंत घालायची होती त्या वर्सी. आदल्या दिशी गनपती बुडवून आल्तो. ह्ये रानात राखनीला. मला उकडायलं म्हनून मी उंबऱ्यापाशी निजले, आन ती आत, भिंतीकडंला. मी निगाले. घर तिच्यावर बसलं."

वरच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"पाऊस लागलेला. मदतीला बाहेरगावची मानसं आली. त्यातला एकजन शिट्टी वाजवायचा. शिट्टी वाजली की समद्यांनी गप ऱ्हायचं. फावडं बंद, रडनं बंद. मग ते दगडाला कान लावून ऐकायचे, खाली कुनी कन्हायलंय का, कुनी ठोकायलंय का. तसं केलं म्हनून शेजारची दोगं जित्ती निगाली. त्या मानसाला मी कधी बोल लावला न्हाई."

म्हणजे केवळाबाईंचं ते वर केलेलं बोटही हेच सांगत होतं, गप राहा, ऐकू द्या. ती ज्याला निवांत म्हणत होती, त्या शांततेत भूकंपातून वाचलेल्या या बायका वर्षानुवर्षं दगडाला कान लावून उभ्या होत्या.

"रत्नीच्या उशाला पान्याचा पेला असायचा," अक्का म्हणाल्या. "त्यानं ठोकायली ती आतून. टुक टुक, टुक टुक. आन मधीच इचारायची, 'आई, हायस का?' मी तोंड उघडलं तर त्यो शिट्टीवाला म्हनला, 'बाई, आता बोलू नका, आवाज कुठून येतो कळू द्या.' मी पदर कोंबला तोंडात. ती इचारायली, मी गप. ती परत इचारायली, मी गप. मग ती बी गप झाली."

मेथीची पानं ओट्यावर पसरली होती. अक्का रडत नव्हत्या. जेबा मात्र रडत होती, आणि तिला ते लपवताही येत नव्हतं.

"तिला वाटलं आसंल, आई गेली टाकून. एवढंच टोचतंय. मरन काय, लई जनांना आलं. पन माजं लेकरू इचारत इचारत गेलं आन मी तिथंच, हातभर अंतरावर, तोंड दाबून."

जेबाला पुण्याच्या कॉलेजात रंग शिकवले होते, उजेड शिकवला होता, हे नव्हतं शिकवलं. तिच्या तोंडून जे निघालं ते विचार करून निघालं नाही. "मग आता बोला ना, अक्का. आता कुणी शिट्टी वाजवलेली नाही."

म्हणाली आणि तिनं जीभ चावली. अक्कांनी मेथी सुपात ढकलली, हात धुतले आणि त्या उठल्या. "चल," म्हणाल्या. "तू बस माज्याजवळ."

धम्मप्रिया खोलीच्या दाराशी उभी होती. तिला त्यांनी बाहेरच थांबायला सांगितलं. दार लागलं, माइकचा आवाज तुटला, रिक्षा गेल्या. अक्का पलंगावर आडव्या झाल्या. पेले त्यांनी आणले नव्हते. जेबा स्टुलावर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. भिंतीवरचा उजेड होता तसाच मऊ होता. तिनंच निवडलेला तो रंग तिला आता ओळखीचा वाटत नव्हता.

टुक टुक.

जेबानं अक्कांकडं पाहिलं. अक्कांचा हात पदरासकट तोंडावर गेलेला होता, इतका घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. टुक टुक. परत. मग तो हात हळूहळू, कुणी दुसऱ्यानं ओढून काढावा तसा, खाली आला.

"हाव गं," अक्का म्हणाल्या. त्यांनी घसा खाकरला. "हाय. हितंच हाय मी, रत्ने. कुठं बी गेले न्हाई."

खोली ऐकत होती. आणि मग जो बांध फुटला तो थांबेना. बाहेर पाऊस होता म्हणून सांगितलं. बाबा हातानं दगड काढत होते, त्यांची नखं निघाली होती, म्हणून सांगितलं. "मी बोलले न्हाई ते तुला काढायचं होतं म्हनून, राग धरू नको." मग नवं गाव, पत्र्याचं घर, तिथं जीव रमेना म्हणून लातूर. "पोरी ऱ्हातेत आपल्याकडं आता. लई दंगा करतेत. केस इंचरून तशेच टाकतेत मोरीत. तुला आवडल्या असत्या. तुजा बाप भाजीत मीठ जास्त टाकतोय, कुनी बोलत न्हाई त्याला, मीच बोलते." बोलता बोलता शब्दांमधलं अंतर वाढत गेलं. "परवा एकीचा निकाल लागला... पेढे आनले तिनं... मी म्हनलं..."

काय म्हटलं ते राहून गेलं. अक्कांचं तोंड किंचित उघडं पडलं होतं आणि छाती संथ वरखाली होत होती. जेबा वाकून बघत राहिली. झोपच होती ती. अक्का घोरायला लागल्या, चांगल्या खणखणीत.

जेबाला बाहेर जायचं होतं. पण दार उघडलं की बेडकाचं हृदय आत येणार, अक्का जाग्या होणार. ती हलली नाही. पाय बधिर झाले, पाठ दुखायला लागली, तरी बसून राहिली. उद्घाटन, पैसे, अब्बा काय म्हणतील, सगळं डोक्यातून गेलं. एक बाई झोपली होती आणि तिची झोप मोडू द्यायची नव्हती, एवढंच काम उरलं होतं.

टुक टुक.

या वेळी अगदी जवळून आलं, पलंगाच्या खालून. अक्कांच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. जेबा या वेळी उठून पळाली नाही. स्टुलावरून उतरली, फरशीवर गुडघे टेकले, दोन्ही तळहात गार फरशीवर ठेवले आणि घरात अम्मी निजली असताना धाकट्यांशी बोलायची तशी हळू म्हणाली,

"आहे गं, इथंच आहे तुझी आई. आत्ता झोपलीय जरा."